मामाचा उजवा खांदा

टेबलाच्या गोल भोकात तोंड घालून जयेश पालथा पडला, तेव्हा त्याला खाली दोन अनवाणी पाय दिसले, आणि ते ओळखीचे निघाले.

उजव्या पायाच्या अंगठ्यावर आडवा व्रण होता. रेतीबंदरच्या खाडीत ओहोटीच्या वेळी कालवं काढताना शिंपल्याने कापलेला. तेव्हा त्या अंगठ्याला रुमाल बांधून, रडणाऱ्या पोराला खांद्यावर टाकून, चिखल तुडवत जयेशनेच त्याला घरी आणलं होतं.

"प्रेशर कसं आवडेल सर?" वरून आवाज आला. "मीडियम की फर्म?"

"मीडियम," जयेश भोकातून म्हणाला.

धाकट्या बहिणीच्या मुलाशी इतक्या वर्षांनी बोललेला पहिला शब्द हा असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. शिवाय तो बोलताना अंगावर मसाजवाल्या कंपनीने दिलेली कागदी चड्डी असेल, असंही नाही. पण आता उठून बसावं, तर समोरासमोर काय बोलायचं हा प्रश्न होता, आणि त्या चड्डीत माणसाला कुठलाच प्रश्न धीटपणे सोडवता येत नाही. तो पडून राहिला.

मसाज प्राप्तीने बुक केला होता. नवऱ्याचा उजवा खांदा धरला होता, त्याला झोप येत नव्हती, आणि तो सकाळ-संध्याकाळ ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पिंजऱ्यातल्यासारखा फिरत होता. अॅपवरून माणूस टेबलासकट घरी येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं. जयेश बाथरूममध्ये कपडे बदलत असताना तिनेच दार उघडलं, टेबल कुठे लावायचं ते दाखवलं, आणि कागदी चड्डी बाथरूमच्या दारातून आत देत नवऱ्याला सांगितलं की बाहेर येऊन पालथं पडायचं आहे. तो बाहेर आला तेव्हा मास्क लावलेला माणूस पाठमोरा उभा राहून तेल कोमट करत होता. अॅपवर येणाऱ्याचा फोटो दिसतो, हे जयेशला आता आठवलं. विचारलं असतं तर तिने चष्मा जवळ नव्हता असं सांगितलं असतं. ती मोबाइलवर भाजीचे भाव चष्म्याशिवाय वाचते.

टेबलाशी उभा होता तो यज्ञेश, हेमांगीचा मुलगा. त्याने डिप्लोमा अर्ध्यात सोडून मसाज थेरपीचा कोर्स केला, त्या वर्षी गौरीच्या जेवणाला सगळी भावकी मोठागावात हेमांगीकडे जमली होती. जयेश पंगतीत बसून म्हणाला होता की आपल्या आजोबांनी दारोदार मासे विकले, पण लोकांचे पाय नाही चेपले. वाक्य चांगलं जमलं होतं. पंगत हसलीसुद्धा. हेमांगी त्याच्या पानात वाढायला कालवण घेऊन आली होती. ती वाढता वाढता थांबली आणि पातेलं घेऊन आत गेली. त्यानंतर तिने भावाला काही वाढलं नाही, आणि फोनही केला नाही.

पुढे जयेशच्या ठाण्याच्या ऑफिसात आरोग्याची लाट आली, तीत तो आनंदाने वाहून गेला. तो सकाळी तोंडात तिळाचं तेल धरून गच्चीत उभा राहायचा, त्यामुळे शेजाऱ्यांना उत्तर देता यायचं नाही आणि शेजारी खूश असायचे. मग जिऱ्याचं पाणी, तांब्याची बाटली, डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी. मनगटावर एक घड्याळ होतं, ते बसलं की उठा म्हणायचं आणि उठलं की श्वास घ्या म्हणायचं. पूर्वी हे काम आई करायची आणि तिला चार्जिंग लागत नसे.

या सगळ्याचा काही उपयोग होत नव्हता, कारण येत्या रविवारी ऋतिकाचं लग्न होतं.

ऋतिका ही यज्ञेशची बहीण. त्यांच्यात नवरीला मामा दोन्ही हातांवर उचलून मांडवात आणतो. नवरा कोणीही असू शकतो, मामा ठरलेला असतो. लग्नाचा पहिला नारळही मामाच्या घरी येतो. तो आला नव्हता. हेमांगीने चुलतभाऊ आनंदला विचारलंय, अशी बातमी विठ्ठलवाडीच्या आत्याने दिली होती, आणि वर, तू मनाला लावून घेऊ नकोस असंही सांगितलं होतं. ते ऐकेपर्यंत जयेशने मनाला लावून घेतलं नव्हतं. आनंद चणीने बारीक होता. ऋतिका कॉलेजच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळायची. आनंद तिला काय उचलणार, या विचाराने जयेश रात्री कूस बदलायचा, आणि त्याने उचललंच तर, या विचाराने परत पहिल्या कुशीवर यायचा.

भोकातले पाय सरकले आणि दिसेनासे झाले. ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले असणार. घोट्यावर कोमट तेलाचा हात पडला, तसे जयेशने दोन्ही पाय झटकन पोटाशी ओढले. टेबल कुरकुरलं.

"पाय नको," तो म्हणाला.

"सुरुवात पायांपासूनच असते सर."

मामाने भाच्याला पायाला हात लावू द्यायचा नसतो. उलट मामाने भाच्याच्या पाया पडायचं. जयेशचे वडील, आबा, या बाबतीत फार कडक होते. मामा-भाच्याने एका होडीत बसू नये म्हणून ते खाडी ओलांडताना जयेशला एका खेपेत न्यायचे आणि लहानग्या यज्ञेशला दुसऱ्या. पुढे होडी विकली, नियम राहिला. जत्रेतल्या आकाशपाळण्यातसुद्धा दोघं वेगवेगळ्या पाळण्यांत बसून एकमेकांना हात करायचे.

पण हे कारण सांगायचं, तर आधी मी तुझा मामा आहे असं म्हणावं लागलं असतं. आणि वरचा माणूस तर सर म्हणत होता.

"गुदगुल्या होतात," जयेश म्हणाला.

मग त्याच्या पायांवर टॉवेल पसरला गेला आणि कडा नीट खोचल्या गेल्या, जणू तिथे कुणी झोपलेलं होतं आणि त्याला उठवायचं नव्हतं.

"ठीक आहे सर. पाय राहू देत."

यज्ञेश पुन्हा डोक्याकडे आला. व्रणाचा अंगठा पुन्हा भोकात दिसू लागला. पाठीवर हात चालू झाले. हात चांगले होते, ही गोष्ट जयेशला नाइलाजाने मान्य करावी लागली, पण त्याला स्वस्थ पडता येईना. कधी नाक खाजायचं, कधी कोपर अवघडायचं. मनगटावरचं घड्याळ थरथरलं. ते बहुधा शांत बसायला सांगत होतं. यज्ञेशने एकदा श्वास सोडायला सांगितलं, एकदा हात सैल सोडायला सांगितलं, आणि नंतर सांगायचं सोडून दिलं. लग्नाची तयारी कशी काय चाललीय, हे विचारायचं जयेशने दोनदा ठरवलं. पहिल्यांदा त्याने खाकरून घेतलं. दुसऱ्यांदा पंखा कमी करायला सांगितलं.

उजव्या खांद्यापाशी हात थांबले.

"हे कशाने झालं सर?"

"लॅपटॉप," जयेश म्हणाला. "बसून बसून."

"लॅपटॉप स्वयंपाकघरात नसतो," प्राप्ती म्हणाली. तिच्या स्लीपरा भोकात येऊन उभ्या राहिल्या. "सिलिंडर उचलून फिरतात."

"प्राप्ती, तू आत जा बरं."

"भरलेला. सकाळी सगळी पाणी पिऊन झाली की स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात. परवा फिरताना खांद्यात कळ आली, तर म्हणतात लॅपटॉप."

"खांद्यावर घेतात?" यज्ञेशने विचारलं.

"नाही रे. दोन्ही हातांवर, आडवा. आणि त्याला माझी जुनी साडी गुंडाळतात. कडी टोचते म्हणे. मी म्हटलं, व्यायामच करायचाय तर जिमला जा. तर गप्प बसतात."

स्लीपरा निघून गेल्या. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला, भांडं घासल्याचा आवाज काही आला नाही.

जयेश खाली बघत होता. दुसरीकडे कुठे बघता येण्यासारखं नव्हतं. समोरचे पाय हलत नव्हते. मग व्रणाचा अंगठा जरा वर उचलला गेला, फरशीवर टेकला, पुन्हा उचलला गेला. लहानपणी चूक पकडली गेली की हा पोरगा असाच उभा राहायचा. आता चूक कुणाची पकडली गेली होती, ते मात्र जयेशला कळेना.

खांद्यावर हात परत आले. या वेळी मीडियम की फर्म हे कुणी विचारलं नाही. अंगठे हाडाच्या कडेने आत शिरले. जयेशच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भोकातून सरळ फरशीवर पडलं. ते दुखल्यामुळेच होतं, हे सांगायची संधी त्याला कुणी दिली नाही.

"उचलताना गुडघ्यातून उठायचं," यज्ञेश हळू आवाजात म्हणाला. "कमरेतून नाही. आणि वजन छातीशी धरायचं. लांब धरलं की खांद्यावर येतं."

"बरं."

"सिलिंडर गोल असतो. तो उचलणाऱ्याची मान धरत नाही. माणूस मान धरतो, त्यामुळे अर्धं काम हलकं होतं."

"बरं," जयेश म्हणाला. मग किती तरी वेळ तो हललाच नाही.

काम संपल्यावर यज्ञेशने तेलाच्या बाटल्या पुसून पिशवीत भरल्या आणि टेबलाची घडी घातली. जयेश लेंगा-सदरा घालून बाहेर आला, तेव्हा दोघं पहिल्यांदा समोरासमोर उभे राहिले. यज्ञेशचा मास्क हनुवटीवर आला होता. दाढी हेमांगीच्या नवऱ्यासारखी, कपाळ थेट आबांचं. प्राप्तीने चहा ठेवते म्हटलं. पुढचं काम कल्याणला आहे, असं तो म्हणाला. तिने तरीही लाडवाचा डबा त्याच्या पिशवीत तेलाच्या बाटल्यांच्या बाजूला बसवला. तो नको म्हणाला नाही.

दाराशी त्याने बूट चढवले आणि प्रत्येक घरी सांगत असेल त्याच सुरात सांगायला सुरुवात केली. आज गरम पाण्याने आंघोळ. पाणी भरपूर. रात्री जड जेवण नको.

"आणि ओझं उचलायचं नाही," तो म्हणाला. "सिलिंडर तर हलवायचासुद्धा नाही. उद्या आणि शनिवारी पूर्ण आराम."

जयेशने मान हलवली. दार धरून तो उभा होता आणि दार सोडत नव्हता.

"आनंदमामाच्या कमरेचं पण मीच बघतो," यज्ञेश टेबलाचा पट्टा खांद्यावर चढवत म्हणाला. "गेला महिनाभर येतायत माझ्याकडे. उद्या त्यांना पण ओझं बंद सांगणार आहे."

"किती दिवस?" जयेशने विचारलं.

लिफ्ट आली. यज्ञेशने टेबल आडवं करून आधी आत सरकवलं, मग स्वतः शिरला.

"रविवारी लग्न लागेपर्यंत," तो म्हणाला. "आणि मामा, आई उद्या सकाळी नारळ घेऊन येतेय असं मी तिला आता फोन करून सांगतो. तोपर्यंत तिला माहीत नाही."