बाबांच्या खोलीतली पहिली फेरी

बाबा न्हाणीघरात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ते घरी आले, तेव्हा ताईने आणि मी पाळ्या लावल्या. ताई गणिताची शिक्षिका. तिने सकाळी शाळेआधी यायचं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मी संध्याकाळी यायचं. मधली दुपार आमच्या नवऱ्यांनी एक दिवसाआड सांभाळायची. भावोजी विमा कंपनीत अधिकारी, त्यांची रजा नाहीतरी वायाच जाणार होती. माझा नवरा ड्रायव्हिंग शिकवतो. दुपारी त्याच्याकडे शिकायला कुणी फिरकत नाही.

त्याच आठवड्यात टेनिसची ती मोठी स्पर्धा सुरू झाली. बाबांचं मन रमावं म्हणून ताईने त्यांच्या पलंगासमोर नवाकोरा टीव्ही बसवला होता. झालं. एक दिवसाआड यायचे ते दोघंही रोज, न चुकता, वेळेच्या अर्धा तास आधी हजर. समोरच्या काकू मला म्हणाल्या, "जावई असावेत तर असे." मी नुसती मान हलवली. एवढं हसू दाबायची सवय मला काउंटरवर लागलेली आहे.

भावोजींना घरात सगळे साहेब म्हणतात, कारण तसं म्हटलं की ते लगेच उत्तर देतात. क्लबच्या वार्षिक फोटोपुरती त्यांनी रॅकेट हातात धरली असेल, पण बोलायला लागले की वाटावं, जगज्जेत्यांना सर्व्हिस यांनीच शिकवली. माझा नवरा त्यांच्या तोडीस तोड. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबायचा त्याचा धंदा, त्यामुळे जगातल्या प्रत्येक माणसाचं काय चुकतंय हे त्याला दिसतं. आरशात तेवढं दिसत नाही.

एके दिवशी दुकानात माल आला नाही म्हणून मी लवकर निघाले. खोलीत पलंगाच्या उजवीकडे भावोजी, डावीकडे माझा नवरा, मध्ये बाबा. दोघं बाबांच्या पोटावरून भांडत होते.

"पहिलं मानांकन उगाच मिळत नाही," भावोजी म्हणत होते. "छत्तिशीत आहे, पण मनगट बघा त्याचं. कारागीर आहे तो. बाकीचे सगळे हमाल."

"मनगटाचं राहू द्या हो. पायांचं काय? म्हाताऱ्याला तिसऱ्या सेटला धाप लागते. जुनी गाडी चढावर कळते."

त्या छत्तिशीतल्या अव्वल खेळाडूला माझा नवरा म्हातारा म्हणायचा, मुद्दाम, भावोजींना झोंबावं म्हणून. त्याचा स्वतःचा भरवसा पात्रता फेरीतून आलेल्या एका लांबटांग्या डावखुऱ्या पोरावर होता. त्याला भावोजी टोळ म्हणायचे.

"तुमचं सगळं गाडीवरच येतं," भावोजी म्हणाले.

"आणि तुम्ही इतकी खात्री देताय, पण त्या गुडघ्यांचा विमा उतरवाल का? खरं सांगा."

"तुमचा टोळ दुसऱ्या फेरीत उड्या मारत घरी जाईल. लिहून ठेवा."

बाबा छताकडे बघत होते. दिवसातून तीनदा त्यांना उठवून वॉकर धरून चालवा, असं फिजिओने बजावलं होतं. वॉकर कोपऱ्यात होता आणि त्यावर भावोजींचा कोट टांगलेला होता.

"बाबा चालले का आज?" मी विचारलं.

"या सेटनंतर," दोघंही एकदम म्हणाले. त्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

घरी जाताना मी नवऱ्याला दोन शब्द सुनावले. "तुझं कसं असतं, अर्धवट बघून बोलायचं," असं म्हणून तो टोळाच्या बॅकहँडवर आला. मी ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "निदान कुणीतरी जवळ आहे ना. माझ्या पेपर तपासणीचं काय करू?" आम्ही दोघींनी नवऱ्यांना नावं ठेवली, मनसोक्त हसलो आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघीही आपापल्या कामाला गेलो.

गुरुवारी दुपारी काउंटरवर रांग होती. एका बाईंना मी पोराच्या खोकल्याचं औषध किती चमचे द्यायचं ते समजावत होते. फोन वाजला. नवऱ्याचा आवाज, चिरका, धापा टाकल्यासारखा.

"गेला! म्हातारा गेला!"

आणि फोन बंद. बहुधा कुठल्यातरी पुढच्या मित्राला लावायचा असेल.

हातातली बाटली मी खाली ठेवली की टाकली, मला आठवत नाही. मालकांना म्हटलं, "माझे वडील गेले." त्यांनीच मला रिक्षात बसवलं. रिक्षातून मी ताईला कळवलं. ती वर्ग सोडून तशीच निघाली, हाताला खडूची भुकटी तशीच. दोघी एकदमच जिन्यापाशी पोचलो. एकमेकींना धरून वर चढलो. मला एकच दिसत होतं, काल संध्याकाळी बाबा काहीतरी सांगत होते आणि मी पिशवी आवरत "हो, हो" करत होते. काय सांगत होते ते मी ऐकलंच नव्हतं.

दार उघडंच होतं. आतून माझ्या नवऱ्याचं खदखदून हसणं ऐकू आलं.

"दुखापतीने सामना सोडणं म्हणजे हरणं नव्हे!" भावोजी ओरडत होते. "नियम वाचा आधी!"

"मनगटच गेलं ना साहेब! कारागिराचं मनगट!"

ताई दारातच मटकन खाली बसली आणि हमसून रडायला लागली. दोघांनी वळून पाहिलं.

"तुम्ही दोघी कशा काय इतक्या लवकर?" भावोजींनी विचारलं.

"तूच फोन केलास," मी नवऱ्याला म्हटलं. "म्हातारा गेला म्हणून."

त्याच्या डोक्यात उजेड पडायला बराच वेळ लागला. पडला तेव्हा तो म्हणाला, "अगं, पण मी मॅचबद्दल बोलत होतो. तुला कळायला नको?"

इतकी वर्षं मी या माणसाला चहा करून देतेय, एवढंच माझ्या मनात आलं.

"कोण गेलं म्हणता?" बाबांनी विचारलं. त्यांनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते हळूहळू कोपरांवर जोर देऊन उठून बसले.

"जावईबापू, तो कोट उचला."

भावोजींनी कोट उचलला. मी वॉकर पुढे केला. बाबांनी पाय खाली सोडले, दात आवळले आणि उभे राहिले. ऑपरेशननंतर स्वतःहून पहिल्यांदाच. नवरा धरायला पुढे झाला, तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीला टेकला. पाच पावलं टाकून ते टीव्हीपाशी गेले आणि बटण बंद केलं.

"चौतीस वर्षं इस्पितळाचे बॉयलर सांभाळले," ते म्हणाले. "पण एका खोलीत इतकी वाफ कधी बघितली नाही."

मला हसू फुटलं. ताईही डोळे पुसत हसली. तेवढ्यात बाबा आमच्याकडे वळले.

"तुम्हाला काय झालं हसायला? मेलो म्हटल्यावर दहा मिनिटांत पोचलात. जिवंत होतो, तर पाळ्या लावल्यात. आणि या दोघांना इथे आणून कुणी बसवलं? मी?"

ते वॉकर ढकलत स्वयंपाकघराकडे गेले. आम्ही चौघं खोलीत उभे राहिलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि ताईने पेपर बाबांच्या घरी आणून तपासायला सुरुवात केली. टीव्ही भावोजींनी स्वतःच्या घरी नेला, "बाबांना त्रास नको" म्हणून. टोळ शनिवारी सरळ तीन सेटमध्ये हरला. आता मिटेल सगळं, असं मला वाटलं होतं. पण दोघांनी मिळून ठरवलं की हल्लीच्या खेळाडूंत दमच नाही आणि पंचांना काही कळत नाही. तुच्छ लेखायला तिसरं कुणी सापडल्यावर साडूंची अशी गट्टी जमली की नवरा रोज तिकडेच जेवू लागला. मी अडवलं नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी भावोजींचा फोन आला. बाबांना गाडीने नेऊन मॅच दाखवतो म्हणाले, उशा-बिशा सगळी सोय केली आहे.

"त्यांना सांग, मला वेळ नाही," बाबा म्हणाले. ते वॉकर बाजूला ठेवून जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. फिजिओने त्या दिवसापासून पायऱ्या सांगितल्या होत्या.

पहिली पायरी उतरताना मी त्यांचं कोपर धरलं.

"सोड."

"बाबा, पडाल."

"सोड म्हटलं ना. आणि पुढे उभी राहू नकोस, मला पायरी दिसत नाही."

मी कोपर सोडलं आणि बाजूला झाले. त्यांनी पाय खाली टेकवला, थांबून श्वास घेतला, आणि दुसऱ्या पायरीकडे बघत म्हणाले, "त्या संध्याकाळी तू पिशवी आवरत होतीस तेव्हा सांगत होतो, ते पुन्हा सांगतो. आता नीट ऐक."