मडगार्डवरची फुली

बाजारातून तोलून आणलेले टोमॅटो घरी येऊन परत तोलून बघणारा माणूस म्हणजे अमरसिंह. असला संशयी गडी पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि त्याला याचा अभिमान होता, ही त्याहून मोठी पंचाईत. बिद्रीला कारखान्यावर ऊस घालायला गेला की रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांना तो छातीवर हात मारून सांगायचा, "मला शेंडी लावणारा अजून जन्माला यायचा हाय." त्याला शेंडी लावायची उठाठेव कुणी करत नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण सांगणार कोण त्याला?

आबांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या माघारी शेत, घर आणि गोठ्यामागची जीप त्याच्याकडं आली. जीप जुनी, मिलिटरीच्या लिलावातली. आबांनी ती ऐन उमेदीत पळवली आणि शेवटी शेवटी ती पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडली. मडगार्डाला नुसता हात लावला तरी पापुद्रे निघायचे. दर दिवाळीला भंगारवाला येऊन विचारायचा आणि दर दिवाळीला अमरसिंह त्याला शिव्या घालून पिटाळायचा. आबांची जीप परत उभी राहायला हवी, आणि तीही आबांच्याच पत्र्याची, यात त्याचा जीव अडकला होता.

ते काम अंगावर घेतलं धाकट्या बहिणीनं, पूर्णिमानं. ती लग्न होऊन शहरात, राजारामपुरीत. लहानपणी जीपखाली झोपलेल्या आबांच्या हातात पाने-पक्कड देत देतच ती वाढलेली. तिनं फ्लॅटच्या गच्चीवर जुन्या साड्यांचा आडोसा केला, कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आणली, आधी घरातल्या लोखंडी कपाटावर हात बसवून घेतला आणि भावाला फोन लावला. "दादा, एकेक भाग सोडवून आण. मी घरीच करतो. खंडेनवमीला जीप पूजंला उभी."

पहिल्यांदा चाकांच्या रिमा गेल्या. परत आल्या त्या अशा, की अमरसिंहनं त्या दिवाणखान्यात मांडून ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजून दाखवल्या. बहिणीचं कौतुक करताना तो थकत नव्हता, हे खोटं नाही.

पण सुख पचायला नशीब लागतं. तो पुढची जाळी घेऊन गेला, तेव्हा गच्चीवर पूर्णिमाचे यजमान यशराज बसले होते. फर्निचरचं दुकान, बोलायला मोकळे, चार दोस्त सगळे जुन्या गाड्यांचे वेडे. चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "पावणं, असला ओरिजिनल पत्रा आता दिवा घेऊन हुडकला तरी गावत न्हाई. माझा एक दोस्त तर माझ्या पायाच पडतोय, जाळी मला द्या म्हणून."

अमरसिंह हसला आणि कप ठेवायला वळला. साडीच्या आडोशाला, भिंतीला टेकून, अगदी तसलीच दुसरी जाळी उभी होती.

"ती कुणाची, दाजी?"

"त्याचीच की, नव्यानं बनवल्याली. मापाला आणलीया. आपल्या जाळीची पट्टी सडलीया, ती तशीच बनवायची हाय."

मापाला. झालं. घरी येईपर्यंत मोटरसायकलच्या प्रत्येक गचक्याला तो शब्द त्याच्या डोक्यात आदळत होता. आपली खरी जाळी दोस्ताला, आणि दोस्ताची बनावट आपल्याला. हिरव्या रंगाखाली काय आहे ते कोण बघतंय?

आता सरळ विचारून मोकळं व्हावं की नाही? पण विचारायचं कुणाला, तर दाजीला. आमच्याकडं दाजी म्हणजे काय चेष्टा आहे का. तो आला की कोंबडं पडतं, मटणातली नळी त्याच्या ताटात जाते, आणि तो बोलला ते सगळ्यांना पटतं. अशा माणसाला 'तुम्ही पत्रा विकला का' म्हणून विचारायचं, म्हणजे बहिणीचं माहेर त्याच दिवशी बंद. अमरसिंहला जीप पाहिजे होती, पण बहीणही पाहिजे होती. म्हणून त्याला वाटलं, आपण डोकं चालवावं.

मडगार्ड द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं खिळा आणि हातोडी घेतली आणि आतल्या कोपऱ्यात, चटकन दिसणार नाही अशी, खोल फुली मारली. दुसऱ्या मडगार्डावर तशीच. बॉनेटवरही तशीच.

बायको, संयोगिता, दारात उभी राहून बघत होती. "ह्ये काय करालाय?"

"खूण. परत येईल तवा बघायची."

"अवो, वन्सं ते घासणार, खड्डं भरणार, वर रंग मारणार. खूण ऱ्हाईल व्हय?"

"लोखंडात वढलीया ती. कुठं जात न्हाई."

"तुमच्याच डोक्यात वढून घ्या एक," असं म्हणून ती आत गेली. शहाण्या माणसानं इथंच खिळा टाकून दिला असता.

मडगार्डं परत आली. चकाचक, हिरवीगार, तोंड बघून घ्यावं अशी. अमरसिंहनं आधी ती उचलून बघितली, तर हलकी लागली. वर्षानुवर्षांचा गंज आणि रंगाचे थर उतरल्यावर पत्रा हलका लागणारच, हे शेंबड्या पोराला कळेल. अमरसिंहला नाही कळलं. त्यानं आतल्या कोपऱ्यात बोट फिरवलं. गुळगुळीत. फुली नाही. दुसरं बघितलं, तिथंही नाही. मग बॉनेट आलं, त्यावरही नाही.

त्यानंतर त्याला अन्न गोड लागेना. एका दुपारी तो न कळवता राजारामपुरीत गेला आणि बहिणीच्या बिल्डिंगसमोर एका दवाखान्याच्या पायरीवर पेशंटासारखा बसून राहिला. नर्सनं दोनदा येऊन नंबर विचारला. तेवढ्यात दाजी आणि त्यांचा तो दोस्त खाली उतरले, पोत्यात गुंडाळलेली जाळी गाडीत टाकली, आणि दोस्त ती घेऊन निघून गेला. कुणाची जाळी कुणाकडं चालली हे विचारायला रस्ता ओलांडायचा होता फक्त. पण अमरसिंह तोंड रुमालानं झाकून तसाच मागं फिरला. आता त्याला शंका उरली नव्हती. दाजीनं आबांना विकलं होतं.

खंडेनवमीला जीप अंगणात उभी राहिली. सगळे भाग बसवलेले, झेंडूची माळ घातलेली. पूर्णिमा आणि दाजी सकाळीच आले होते. आतून पुरणाचा वास येत होता. दाजी नारळाच्या शेंड्या काढत ओट्यावर बसले होते. बायका आत ताट तयार करत होत्या. अमरसिंह जीपभोवती फिरत राहिला, आणि जसजसा फिरला तसतसं त्याचं डोकं तापत गेलं. पाया पडायचं ते कुणाच्या पत्र्याच्या? शेवटी त्यानं खिशातला चाकू काढला, मडगार्डाच्या आतल्या कोपऱ्यात वाकला आणि खरवडायला लागला.

हिरवा रंग गेला. खाली तांबडा प्रायमर. त्याखाली राखाडी पुट्टी. आणि पुट्टीखाली, लोखंडात खोल, त्याची स्वतःची फुली.

त्याला इतकं हलकं वाटलं की तो तिथंच बसला. आबांचाच पत्रा. मग त्यानं मान वर केली. निरांजनाचं ताम्हन हातात घेऊन पूर्णिमा समोर उभी होती. तिच्यामागं संयोगिता. करकर ऐकून दाजीही ओट्यावरून उठून आले होते.

पूर्णिमा फुलीकडं बघत होती. "पयल्या मडगार्डावर दिसली तवा वाटलं, पोरांनी वढली असंल," ती म्हणाली. "दुसऱ्यावर बी त्याच कोपऱ्यात. मग कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू इचारशील म्हणून थांबलो."

"तुझ्यावर संशय न्हाई गं पूर्णे. मला वाटलं, दाजींनी..." तो बोलून गेला आणि जीभ चावली. दाजींनी हातातला नारळ हळूच खाली ठेवला.

"काम माझ्या हातचं हाय," पूर्णिमा म्हणाली. "त्यांनी ब्रश सुदिक धरला न्हाई. ती जाळी त्यांच्या दोस्ताची हुती. काम झालं, त्यो घिऊन गेला."

तिनं जीपला हळद-कुंकू लावलं. खरवडलेल्या जागेलाही लावलं. निरांजन ओवाळलं, भावालाही ओवाळलं. अमरसिंहनं घाईघाईनं खिशातलं पाकीट ताम्हनात ठेवलं. तिनं ते उचलून त्याच्याच खिशात परत घातलं.

"ओवाळणी नगो. इचार."

"काय इचारू?"

"खिळ्यानं जे इचारलंस, ते तोंडानं इचार. हितंच, ह्येंच्यासमोर."

अमरसिंहनं बायकोकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण बहीण हलायला तयार नव्हती. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "पूर्णे, आबांच्या जीपचा कुठला भाग तुमी बदलला का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "आता माझ्या एका इचारण्याचं उत्तर दे. शेतावरनं माझं नाव कमी केलंस, तवा हक्कसोडीवर सही करायच्या आधी मी तुला काय इचारलंतं?"

तिनं काहीच विचारलं नव्हतं. कचेरीत उभ्या उभ्या सही केली होती, आणि 'उन्हातनं आलाईस' म्हणत बाहेरच्या गाड्यावर त्याला उसाचा रस पाजला होता. बर्फ घालू नको, दादाचा घसा धरतो, हेही तिनंच गाडेवाल्याला सांगितलं होतं.