कॉन्सेप्टाची तपकिरी बाटली आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी फियाट गाडी आहे. रंग दुधी, दिवे गोल आणि गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. हल्लीची मुलं माझ्याबरोबर फोटो काढतात आणि मग विचारतात, "ही चालते का?" या प्रश्नाचा मला फार राग येतो. पण यंदाच्या जानेवारीत तोच प्रश्न माझ्या घरच्यांनी विचारला आणि त्याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

माझा जन्म बहात्तर साली कुर्ल्याच्या कारखान्यात झाला. अल्फान्सोच्या वडिलांनी माझ्यासाठी नंबर लावून ठेवला होता. आणायला मात्र तरणाबांड अल्फान्सो आला आणि मला अंधेरीत, मरोळच्या गावठाणात घेऊन गेला. गावठाणातली ती पहिलीवहिली गाडी. माझ्या हॉर्नचा आवाज ऐकून लोक जेवणावरून उठून बाहेर येत. अल्फान्सोच्या दोन्ही बहिणी नवरी होऊन माझ्यात बसून चर्चला गेल्या. त्याची बायको कॉन्सेप्टाही माझ्यातूनच आली आणि पुढे सूनही. चार नवऱ्या नेल्या मी, आणि एकीलाही उशीर होऊ दिला नाही.

मग दिवस पालटले. अल्फान्सोचा मुलगा डेल्रॉय याने क्लच नसलेली नवी गाडी घेतली. माझी रवानगी अंगणातल्या पत्र्याखाली झाली. दर मे महिन्यात मला ढकलून उन्हात काढत, तेही फिरवायला नाही. कॉन्सेप्टा माझ्या तापलेल्या बॉनेटवर चादर पसरून मसाल्याच्या मिरच्या वाळवी. मसाला कुटून झाला की तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा, ही त्यांच्याकडची जुनी रीत. त्यात रंग आणि वास वर्षभर टिकतो. या बाटल्यांची आठवण ठेवा, मित्रांनो. माझ्या जिवावर उठली ती त्यांच्यातलीच एक.

डेल्रॉयची मुलगी शर्ली हिचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "मी पण फियाटमधूनच जाणार." अल्फान्सोला आभाळ ठेंगणं झालं. त्याने मला पुसलं, चाकांत हवा भरली, नवी बॅटरी बसवली. मी चालूही झाले, पण माझी एक खोड काही जाईना. वेगात असले की ठणठणीत, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून सिग्नलला थांबवलं की फट्‌फट् करून गप्प. मेकॅनिक लोक याला 'स्लो धरत नाही' असं म्हणतात.

झालं. ज्याला त्याला माझं निदान करण्याची हौस आली. एका मेकॅनिकने प्लग बदलले आणि टायमिंग फिरवलं. दुसऱ्याने स्लोचा स्क्रू इतका पिळला, की मी जागच्या जागी डरकाळ्या फोडू लागले. डेल्रॉयने मोबाइलवर पाहून तोच स्क्रू उलटा फिरवला. दहा सुईणी आणि बाळंतीण आडवी, अशी माझी गत झाली.

"डॅडी, ती म्हातारी झाली. कबूल कर ना," डेल्रॉय म्हणाला.

"म्हातारा तर मी पण झालोय. मला पण भंगारात देतोस?"

डेल्रॉय हसला नाही. "घर ते चर्च तीन सिग्नल आहेत. एकदा जरी बंद पडली, तर सोमवारी घाटकोपरचा भंगारवाला येईल. शर्लीचा दिवस खराब झालेला मला चालणार नाही."

त्याचं चुकत नव्हतं, पण मी मात्र घाबरले. अल्फान्सो त्या संध्याकाळी माझ्यात नुसताच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा नंदा आली. तिचे वडील गुणाजी मूळचे मालवणकडचे. माझं सगळं तारुण्य त्यांच्या हाताखाली गेलं. आता त्यांचं गॅरेज ती चालवते. आल्या आल्या तिने एकही पाना उचलला नाही. मला चालू केलं, स्टुलावर बसली आणि पाच मिनिटं नुसती ऐकत राहिली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कितीतरी दिवसांत कुणी माझं ऐकूनच घेतलं नव्हतं.

"कार्बुरेटरच गेलाय ना?" डेल्रॉयने विचारलं.

"असेल. पण बाबा सांगायचे, कार्बुरेटरला हात शेवटी लावायचा. आणि एका वेळी एकच स्क्रू."

आधी तिने इतरांनी फिरवलेलं सगळं पुन्हा जागेवर आणलं. प्रत्येक स्क्रूवर खडूची खूण केली. पातळ पट्टी घालून ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजली. मग चारही प्लगांच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी माझा आवाज सारखाच खाली बसला. म्हणजे ठिणगी चारही ठिकाणी ठीक होती. सांध्यांतून कुठे हवा ओढली जात नव्हती. मग तिने जादा पेट्रोल सोडणारा चोक अर्धा इंच ओढला आणि काय सांगू, मी शहाण्यासारखी स्लोवर उभी राहिले.

"बघितलंत? हिला उपाशी ठेवलंय कुणीतरी. स्लोचं पेट्रोलच पोचत नाही," नंदा म्हणाली.

तिने स्लो जेट काढला. केसाएवढ्या भोकाची ती पितळी नळी बुजली होती. ती साफ करताच मी छान चालू लागले. दुसरी कुणी असती तर पैसे घेऊन घरी गेली असती. नंदा चहा पीत थांबली. तासाभराने मी पुन्हा बंद पडले. डेल्रॉय घरात निघून गेला.

"साफ करणं सोपं असतं, अंकल," ती अल्फान्सोला म्हणाली. "घाण येते कुठून, ते शोधायचंय."

तिने कार्बुरेटरचं झाकण उघडलं. आत पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. तिच्या तळाला लालसर गाळ साचला होता. नंदाने तो बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि तीनदा शिंकली.

"अंकल, हिला पेट्रोल कशातनं पाजता?"

अल्फान्सोने भिंतीकडे पाहिलं. तिथे एक तपकिरी बाटली उभी होती. सकाळी मी लवकर चालू होत नसे, म्हणून तो गुपचूप झाकण उघडून वाटीत थेट पेट्रोल ओतायचा. बाटली धुतली होती त्याने, पण कॉन्सेप्टाचा मसाला काचेला असा धरून बसतो, की दोन पाण्यांत सुटत नाही. वाटीत वरून ओतलेल्या पेट्रोलला गाळणीही आडवी येत नाही. घरातले सगळे मला दोष देत होते आणि माझ्या घशात अख्ख्या गावठाणाचं तिखट अडकलं होतं!

अल्फान्सोचा चेहरा उतरला. "रोज माझ्याच हातानं..." तो म्हणाला. मग हळूच, "डेल्रॉयला सांगू नको."

"मी मशीनचं सांगते, अंकल. माणसांचं नाही."

तिने वाटी धुतली, टाकीपासूनची नळी फुंकली आणि पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला फाटका पडदा बदलला. त्या फाटक्या पडद्यामुळेच सकाळी वाटी रिकामी राहायची. शेवटी गुणाजी घ्यायचे तीच परीक्षा झाली. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला तिने माझ्या बॉनेटवर ठेवला. पाणी थरथरलं, पण थेंबही सांडला नाही. मित्रांनो, मी पुष्कळ हात पाहिले. इतका सबुरीचा हात बापानंतर लेकीचाच.

लग्नाच्या दिवशी स्टिअरिंगवर डेल्रॉय होता, कारण अल्फान्सोच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. शेजारी अल्फान्सो, मागे कॉन्सेप्टा आणि पांढऱ्या झग्यातली शर्ली. पहिला सिग्नल मी हूं की चूं न करता काढला. मेट्रोच्या खांबाखालचा दुसराही काढला. तिसऱ्याला दिवा हिरवा झाला, मी हिसका खाल्ला आणि बंद पडले.

मागचे हॉर्न वाजू लागले. अल्फान्सोने डोळे मिटले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की ही माझी चूक नाही रे! पण सांगणार कसं? आता सोमवार आलाच, असं मी धरून चालले.

डेल्रॉयने आपल्या पायांकडे पाहिलं. "क्लच पटकन सुटला माझ्याकडनं," तो म्हणाला. "माझ्यामुळं पडली बंद, डॅडी. गाडीचा काही दोष नाही."

किल्ली फिरताच मी पहिल्या झटक्यात चालू झाले. थोडं पुढे गेल्यावर अल्फान्सो खाकरला.

"डेल्रॉय, आधीचं सगळं माझ्यामुळं झालं. मम्माच्या मसाल्याच्या बाटलीतनं पेट्रोल घालत होतो मी तिला."

मग मागून कॉन्सेप्टा म्हणाली, "ती बाटली तू नेलीस? आणि मी कामवालीवर संशय घेतला." शर्ली इतकी हसली की तिची वेणी सुटायला आली.

मी पाचवी नवरी वेळेवर चर्चला पोचवली. सोमवारी भंगारवाला आला नाही. नंदा आली, डेल्रॉयला क्लच कसा सोडायचा ते शिकवायला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल. ते अडलं तर लगेच म्हातारं म्हणून मोडीत काढू नका. आधी त्याचं ऐका, आणि आपला हात त्याला कुठे कुठे लागला ते आठवून पाहा. आठवलं तर डेल्रॉयसारखं मोठ्याने सांगून टाका. आम्हा यंत्रांना बोलता येत नाही, म्हणून आमच्या वाटणीचं खरं तुम्हालाच बोलावं लागतं.