बिनघंटीचं घर

नाडीबाबांचं हृदय बंद पडलं तेव्हा सभागृहात दीडशे माणसं होती आणि एकालाही डॉक्टर बोलवावासा वाटला नाही. उलट सगळ्यांनी हात जोडले. कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराला मुद्दाम पुढे बसवलं होतं. त्याने बाबांचं डावं मनगट चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि घोगऱ्या आवाजात जाहीर केलं, "नाडी नाही." बाबा मात्र मेल्यावरही बोलत होते, आणि जिवंतपणी बोलायचे त्यापेक्षा जास्त.

"या घराण्याचा शाप घंटेच्या नादात दडलाय. त्याला मी गिळतोय," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "गिळला."

आत्या पहिल्या रांगेत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. खरी आत्या ती एकाच मुलीची, धाकट्या भावाच्या. ती चौदा वर्षांची भाची व्यासपीठावर खुर्चीत बसली होती आणि तिच्या कानापासून हातभरावर पितळी घंटा टांगली होती.

त्या घरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आत्याचे वडील टेलिफोन खणखणला म्हणून उठले आणि जागीच कोसळले. पुढे काही वर्षांनी तिच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या उशाशी गजर झाला, दादा उठलाच नाही. तेव्हापासून घरात गजराचं घड्याळ नाही, दाराला घंटी नाही, फोन मुका. पाहुण्याने दारावर बोटाने टकटक करायची. गेल्या महिन्यात शाळेची घंटा झाली आणि भाची बाकावरच बेशुद्ध पडली. शाळेच्या डॉक्टरने हृदयाच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. भावाने ती कपाटात ठेवली आणि बाबांचे पाय धरले.

"दादाच्या हृदयाची पट्टी, ईसीजी, काढली होती ना? नॉर्मल आली होती," तो म्हणाला होता. "डॉक्टरांच्या हातातलं नाही हे, ताई. शापच आहे." आत्या भांडली, रुसली, दोन दिवस अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

"आता घंटा वाजेल," बाबा म्हणाले. "मुलगी हसत उठेल." एका भक्ताने घंटेचा दोर धरला.

आत्याला दरदरून घाम फुटला. शापबिप ती मानत नव्हती. पण घंटा वाजली की आपल्या घरातलं माणूस पडतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कारण माहीत नसलं म्हणून काय पाहिलेलं खोटं होतं? आणि तेवढ्यात तिचं लक्ष बाबांच्या डाव्या कोपराकडे गेलं. ताप मोजायला काखेत थर्मामीटर धरावा तसा तो बरगडीला घट्ट चिकटला होता. आठवड्यापूर्वी बाबांचा झगा तिच्याच दुकानात आला होता. काखेतला आतला खिसा उसवला होता. "महाराज त्यात जपाचा मणी ठेवतात," शिष्य म्हणाला होता, आणि तिने तो शिवून दिला होता.

ती उठली, वर गेली आणि भक्ताला म्हणाली, "दोर सोड. हळूच." मग बाबांकडे वळली. "मलाही नाडी बघू द्या."

बाबांनी डावा हात पुढे केला.

"हा नको. उजवा द्या."

"उजवा आशीर्वादाचा. तो मृत्यूकाळी देत नाहीत."

"बरं, राहिलं." तिने सरळ त्यांच्या मानेवर दोन बोटं टेकवली. "दुकानदारभाऊ, या इकडे. मेलेल्या माणसाची नाडी केवढी पळतेय बघा."

दुकानदाराने मान चाचपली आणि त्याचा चेहरा पडला.

"आता डावा हात वर करा, महाराज."

"समाधीत हात हलवला तर अनर्थ होईल."

"तो खिसा मीच शिवलाय. दुहेरी दोरा आहे, उसवणार नाही. तुम्ही काढता की कात्री आणू?"

बाबांनी मुकाट्याने काढून दिला. लिंबाएवढा टणक रबरी चेंडू. दुकानदाराने तो स्वतःच्या काखेत दाबला आणि मनगट चाचपलं. त्याचीही नाडी गेली. "हाताला जाणारी रक्तवाहिनी दाबली जाते, एवढंच," तो ओशाळून म्हणाला. "हृदयाला याचा पत्ताही नसतो. मला कळायला हवं होतं."

"काखेत कळसा आणि आम्हाला गावाला वळसा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभागृह खो खो हसलं. भाऊ हसला नाही. त्याने मुलीला खाली उतरवलं आणि घरी जाऊन कपाटातली चिठ्ठी काढली.

दवाखान्यात एक समुपदेशक बाई होत्या. आनुवंशिक हृदयविकार असलेल्या कुटुंबांशी बोलायचं, हेच त्यांचं काम. त्यांनी कागदावर घराणं मांडलं, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल.

"आमच्याकडे फक्त पुरुष जातात," भाऊ म्हणाला.

"आणि या?" बाईंनी एका गोलावर पेन ठेवलं. ती आत्याची धाकटी बहीण.

"ती न्हाणीघरात घसरली. अपघात तो."

"फरशी कोरडी होती," आत्या हळूच म्हणाली. "मीच उचललं तिला. बादलीसुद्धा भरलेली नव्हती." इतकी वर्षं हे तिच्या डोक्यात होतं आणि तिने त्याचा कधी विचार केला नव्हता. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

भाचीच्या पट्टीत दोष दिसला, पुढे रक्तात सदोष जनुकही सापडलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो. त्यात अचानक मोठा आवाज झाला की ठोके बिघडतात. "दोष पट्टीत दर वेळी दिसतोच असं नाही, म्हणून रक्त तपासायचं," बाई म्हणाल्या. "रोज गोळी घ्यायची, काही औषधं टाळायची. आणि घरात घंटी न ठेवण्याची तुमची पद्धत अगदी बरोबर आहे, ती सोडू नका. फक्त तिला शाप म्हणू नका."

"म्हणजे मी दिलं हिला?" भावाने विचारलं.

"तुमच्याकडून आलं. तुम्ही दिलं नाही. तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं?"

भाऊ मुलीचा हात धरून रडला. मग बाई आत्याकडे वळल्या. दोष मुलग्यांकडे जितका जातो तितकाच मुलींकडे. तिचीही शक्यता निम्मी निम्मी होती.

भर सभेत बाबाची मान धरणारी आत्या म्हणाली, "मला कशाला? पन्नाशी उलटली माझी. दुकान उघडायचंय." ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. मग म्हणाली, "भीती वाटते हो."

"वाटणारच. भीती वाटत असतानाही रक्त देता येतं."

आत्याने बाही वर केली.

तुमच्याही घरात कुणी तरणंताठं अचानक गेलं असेल, तर गंडेदोरे करणारे पुष्कळ भेटतील. कोण गेलं, काय करताना गेलं, हे बायकांसकट सगळ्यांचं लिहून काढा आणि डॉक्टरकडे जा. आत्याचं उत्तर तीन आठवड्यांनी येणार आहे. दोष निघाला तर रोज एक गोळी, नाही निघाला तर काहीच नाही. दोन्हींपैकी कशालाच बाबा लागत नाही.