बाबांच्या टोपलीतली कडू अळंबी

जंगलातली अळंबी ओळखावी ती आमच्या बाबांनीच, असं सगळी गल्ली मानते. शेजारीपाजारी टोपल्या घेऊन दारात येतात, बाबा तुकडा जिभेला लावून थुंकतात आणि निकाल देतात. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा तोरा या एका जिभेवर चालतो. त्यामुळे परवा त्यांनी जंगलातून आणलेल्या अळंबीचं मी केलेलं सूप कडूजहर निघालं, तेव्हा खापर माझ्यावरच फुटलं. आई मावशीकडे गेली होती. माझ्या नवऱ्याने पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं, तर बाबा म्हणाले, लसूण करपवलास. स्वतः मात्र वाटीभर सूप मिटक्या मारत संपवलं.

मला काही ते पटेना. लसूण करपवायला मी काय काल स्वयंपाक शिकले? उरलेली अळंबी ओट्यावर मांडली. दिसायला सगळी सख्खी भावंडं: तपकिरी टोपी, गुबगुबीत दांडा, टोपीखाली स्पंजासारखा थर. नीट निरखल्यावर फरक दिसला. काहींच्या दांड्यावरची जाळी पांढुरकी होती, काहींची गडद, आणि गडदवाल्यांचा स्पंज किंचित गुलाबी. दोन्हींचा कणभर तुकडा चाखला. पांढऱ्या जाळीची छान, बदामासारखी लागली. गुलाबीची चव, अरे देवा, कितीदा चूळ भरली तरी जाईना. विषारी नसते ती, पण एवढीशी पडली तरी पातेलंभर सूप वाया.

बाबांना दोन्ही दिल्या. त्यांनी डोळे मिटून चघळल्या, थुंकल्या आणि दोन्ही उत्तम असल्याचं सांगितलं. यांच्या जिभेला हा कडूपणा लागतच नव्हता! मग इतकी वर्षं आमच्या घरात एकदाही कडू कसं झालं नाही?

संध्याकाळी आई परतली. मावशीच्या गुडघ्यांचं पुराण सांगता सांगता तिचा हात टोपलीत गेला आणि गुलाबी तेवढी वेचून केरात टाकू लागला. बाबा बघतच राहिले.

"हे कधीपासून करतेस?"

"लग्न झाल्यापासून. तुम्ही इतके खुशीत यायचात, कशाला विरस करायचा?"

"आणि लोकांच्या टोपल्या?"

"त्यांच्या बायका मागच्या दाराने माझ्याकडे येतात."

मला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा एवढासा झाला. ते उठले, टोपली रिकामी करून माळ्यावर टाकली आणि यापुढे जंगल बंद म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आईने स्टूल ओढलं, वर चढली आणि टोपली खाली काढली.

"बंद कशाला? मला न्या की," ती म्हणाली. "मी ते जंगल अजून एकदाही पाहिलेलं नाही."