बायकांच्या बाजूच्या गोगलगायी

देवळाच्या तळीतल्या गोगलगायी कीर्तनाला येतात तेव्हा माद्या बायकांच्या बाजूला बसतात आणि नर पुरुषांच्या. आमच्या देवळातला हा रिवाज त्यांना कोणी शिकवला नाही. पायऱ्या चढून त्या येतात, आणि बुवांनी चिपळ्या हाती घेतल्या की शिंगं बाहेर काढून ऐकतात. मी कीर्तनवेडी बाई. एक मोठी मादी दरवर्षी माझ्या मांडीला टेकून बसते. तिला गजर फार आवडतो.

यंदा उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी काही माद्या मधली वाट ओलांडून पुरुषांत जाऊन बसल्या. जाताना माना खाली होत्या. मग रोज आणखी जाऊ लागल्या. तिकडचं जाजम लांबलं, आमचं आखडलं. भिंतही आत सरकली. बायका गुडघे पोटाशी घेऊन बसू लागल्या.

"गर्दी वाढली गो यंदा," शेजारची इंदिराबाय म्हणाली.

पलीकडे बाबल कामतांनी सरकून जागा करून दिली, पण कुरकुरले. "येतात ते येतात, बुक्काही लावून घेत नाहीत. लावायचा तरी कुठे म्हणा."

बुवांनी देवाच्या जन्माचं आख्यान लावलं होतं. तुरुंग उभा राहायचा, पहारेकरी पेंगायचे, आईला कळा सुरू व्हायच्या, आणि चिपळ्या थांबायच्या. "पुढचं येत नाही," बुवा शांतपणे सांगायचे. "उद्या पाहू." मग आरती व्हायची.

मला या सगळ्याचं कारण ठाऊक होतं. उत्सवात देवाची नौका रोज तळीत फिरते, आणि तिला रंग द्यायचा मान आमच्या घरचा. दरवर्षी बुडाला शेवाळ धरतं, नौका जड चालते, लोक आमच्याकडे बघतात. ह्यांचे हात कापतात, म्हणून यंदा रंग मी दिला. भाचा गोदीत कामाला आहे. शेवाळ धरू नये म्हणून जहाजांच्या बुडाला देतात तो लाल रंग त्याच्याकडून मागवला. डब्यावर इशारा म्हणून मेलेला मासा काढलेला होता. मी तो पाहिला. देवाच्या नौकेला कसला आलाय दोष, असं म्हणून झाकण उघडलं आणि नमस्कार करून कुंचला बुडवला.

शेवटच्या दिवशी माझ्या मांडीपाशी ती मोठी मादी एकटीच उरली. फुगून नारळाएवढी झाली होती.

"बाय," ती म्हणाली, "माझ्या अंगाला नराचं अंग फुटलंय. त्यानं वाट बुजली. अंडी आतच आहेत."

"मग तूही पलीकडे जाणार?"

"पोटात अंडी घेऊन पुरुषांत कशी बसू?"

"काय करू मी?"

"नौका पाण्याबाहेर निघाली तर वाट सुटेल. आज निघायला हवी. उद्या ती आत कुजतील, आणि मी त्यांच्याबरोबर."

मी उठून ह्यांच्याकडे गेले. हे मुंडासं बांधत होते.

"नौका बाहेर काढा," मी म्हटलं. "रंग वाईट आहे. गोगलगायींना बाधलाय."

"किती हलकी चालली यंदा. सगळे नाव घेतात आपलं."

"तरी काढा."

"आणि सांगू काय लोकांना? आमच्या हिनं देवाच्या तळीत विष कालवलं? मान जाईल, शेवंती. जा, वाती वळ."

मी वाती वळल्या.

परत आले तेव्हा बायकांची बाजू एका पाटाएवढी झाली होती. इंदिराबाय आणि बाकीच्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. मी आत अंग चोरून बसले. एक खांदा भिंतीला लागला, दुसरा कुणा पुरुषाच्या पाठीला.

"सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"काढतात?"

गजर सुरू झाला होता. मी टाळ्या वाजवत त्यात मिसळले. माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता.

बुवा कळांपर्यंत आले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढचं येत नाही," ते म्हणाले. उद्याचं काही बोलले नाहीत. नौका निघाल्याचा शंख बाहेर वाजला.

मी तिला ओटीत घेतलं, पदर घट्ट खोचला आणि आडवी होऊन त्या फटीतून बाहेर पडले. पायऱ्या उतरत छातीएवढ्या पाण्यात गेले. नौका समोरून येत होती. मध्ये देव, भोवती समया, पुढच्या टोकाला हे. तिच्या लाल बुडावर मी दोन्ही हात टेकले.

"बाजूला हो गो," हे हळूच म्हणाले.

"हा रंग मी दिलाय," काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं. "नौका बाहेर काढा."

पण फेरी सुरू झाली की नौका मध्ये थांबवायची रीत नाही, म्हणून बांबूवाले तळाला बांबू टेकून रेटतच राहिले. माझे पाय पायरीवरून मागे घसरू लागले. ओटीत काहीतरी सुटलं, गरम, पोटाला लागून खाली ओघळलं. अंडी होती की तिचा शंख फुटला होता, ते वाकून बघायला हवं होतं, आणि वाकायचं तर नौकेवरचे हात काढावे लागले असते.