मागच्या सीटवरची मेहुणी

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," स्टिअरिंगवर थाप मारत टॉर्क्विल म्हणाला, "पण माझ्या खापरपणजोबांनी हा डूनचा किल्ला एका मेंढीच्या बदल्यात घेतला होता. आणि संध्याकाळी मेंढीही परत मागून आणली!"

शेजारी बसलेली त्याची बायको इशबेल खिडकीबाहेर बघत नुसतं "हं" म्हणाली.

टॉर्क्विलनं आरशातून रिकाम्या मागच्या सीटकडे पाहिलं. चाळीस वर्षं दर ऑगस्टात हीच वाट, हेच किल्ले आणि शेवटी कलोडनचं रणांगण. मागच्या सीटवर इशबेलची धाकटी बहीण युना असायची. यानं थाप मारायचा अवकाश, ती काठीनं त्याची सीट ठोकायची. "खोटं!" गाडीचा कायदाच होता: थाप पकडली की थापाड्याची वडी पकडणारीला. वड्या इशबेल घरी करायची, दूध-साखर आटवून. चाळीस वर्षांत टॉर्क्विलला त्यातली एक मिळाली असेल तर शपथ.

मार्चमध्ये युना गेली. तेव्हापासून इशबेलच्या तोंडून "हं", "बरं" आणि "जेवायला ये" यापलीकडे शब्द निघाला नव्हता. वड्या मात्र हातानं सवयीनं तिघांच्या केल्या होत्या. डबा मागच्या सीटवर एकटाच बसून होता.

ब्लेअरच्या किल्ल्यापाशी टॉर्क्विलच्या पुढच्या थापेत त्याच्या पणजीनं तोफेत लापशी शिजवली. "हं." रुथवेनच्या पडक्या बराकीत भुतानं त्याच्याकडे तंबाखू मागितली, ओढली आणि ठसका लागून ते पळालं. "बरं." इतक्या मुरलेल्या थापा अशा मातीत जाताना बघून म्हाताऱ्याला रडूच यायचं बाकी होतं. हिचं बोलणं असंच आटून गेलं तर उरलेले दिवस काय भिंतींना गोष्टी सांगायच्या?

कलोडनच्या माळावर वारा सुटला होता. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत इशबेलच्या माहेरचे पूर्वज, मॅकिन्टॉश, इथं लढून पडले होते; त्यांच्या नावाच्या दगडापाशी ती थांबली. परसातल्या हेदर फुलांची जुडी दोघी बहिणी दोन बाजूंनी धरून तिथं ठेवायच्या. आज इशबेल एकटीच जुडी घेऊन नुसती उभी राहिली. वाकेचना.

टॉर्क्विलनं हळूच दुसरी बाजू धरली. दोघं वाकले. जुडी दगडाला टेकली, पण तिचा हात काही सुटेना. मग तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

"तुला सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी इथंच युना माझ्या कानात म्हणाली, 'दाजी, तुमच्या सगळ्या गोष्टी खऱ्या असतात हो. मी आपली उगाच ओरडते.'"

इशबेलनं मान वळवली. डोळे भरून आले होते, पण हनुवटी तश्शीच पुढे आली, थेट बहिणीसारखी.

"खोटं!" ती इतक्या जोरात ओरडली, की पलीकडचे दोन प्रवासी दचकून वळले. "धादांत खोटं! युना मेली तरी असं म्हणायची नाही! आण आधी तो डबा इकडे, थापाड्या!"